पत्र्याखालचा उन्हाळा : उष्णतारोधक थर किती जाड हवा?

कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाड्यांत कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेली, गवताने किंवा कौलांनी शाकारलेली घरे कमी होत आहेत. त्यांच्या जागी पत्रा आला. तो दरवर्षी शाकारावा लागत नाही. पण एप्रिल-मेच्या दुपारी घराची भट्टी करतो. 19 जुलै 2023 रोजी इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर वाचलेली कुटुंबे चौकजवळ कंटेनरमध्ये राहिली. तिथे तर छताबरोबर भिंतीही धातूच्याच होत्या.

भर उन्हात पत्रा 60 अंशांपर्यंत तापू शकतो. तो खालची हवा तापवतोच, शिवाय निखाऱ्यासारखी धग थेट अंगावर टाकतो. त्यामुळे पंखा सुरू असूनही जिवाची काहिली होते. तान्ही बाळे, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना याचा धोका अधिक.

पत्र्याखाली उष्णतारोधक थर लावला तर धग अडते. तो किती जाड असावा? साधा हिशेब असा : 25 मिलिमीटर (एक इंच) थर्माकोल आत येणारी सुमारे तीन चतुर्थांश उष्णता रोखतो. जाडी 50 मिलिमीटर केली तर सुमारे 87 टक्के आणि 100 मिलिमीटर केली तर सुमारे 93 टक्के. म्हणजे पहिला इंच सर्वाधिक काम करतो. पुढे खर्च दुप्पट, फायदा थोडा. वातानुकूलन नसलेल्या घराला एक ते दोन इंच पुरेसे. चार इंच शीतगृहासाठी ठीक.

त्याआधी स्वस्त उपाय करावेत. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा. खाली हवेची पोकळी सोडून बांबूची तट्टी बांधावी. छपराजवळ झरोके ठेवावेत; नाहीतर आत साठलेली उष्णता रात्री बाहेर पडत नाही. पत्र्याचे दार किंवा दुकानाचे शटर पश्चिमेला असेल, तर त्यावर आधी सावली करावी.

एक इशारा महत्त्वाचा. थर्माकोल आणि फोम पेट घेतात व विषारी धूर सोडतात. चुलीच्या खोलीत ते लावू नयेत, तट्टीही नको. तिथे न जळणारे रॉकवूल सिमेंट बोर्डाने झाकून वापरावे.

आणि घरात कुणी उकाड्याने बरळू लागले किंवा शुद्ध हरपली, तर अंग पाण्याने भिजवून वारा घालावा आणि ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.