अक्राचा चॉप बार आणि वारज्याची मेस: परक्या गावातल्या माणसाला रोज काय लागतं?



वारज्यात खाण्याचा छोटा व्यवसाय टाकायचं मनात आहे? मग आज आधी थोडं लांब जाऊ. पश्चिम आफ्रिकेत, घाना देशाच्या राजधानीत, अक्राला.

समजा, कंपनीने तुमची तिकडे बदली केली. पहिले पंधरा दिवस मजा. इंडियन रेस्टॉरंट, पनीर, नान. पण महिन्याचा हिशेब मांडला की डोळे उघडतात. खिसा रिकामा आणि पोटही कंटाळलेलं. मग ऑफिसमधला तिथलाच एखादा मित्र तुम्हाला चॉप बारवर घेऊन जातो. तिकडच्या बोलीत 'चॉप' म्हणजे खाणं. चॉप बार म्हणजे आपली खानावळच! तिथे फुफू मिळतो. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तो कसावा आणि भाजीची केळी उकडून, कुटून केलेला मऊ गोळा. हात धुवायचे आणि रश्श्यात बुडवून हातानेच खायचं.

रस्त्याच्या कडेला 'वाचे' मिळतो. हा चवळी घालून शिजवलेला भात. आपल्या माणसाला लगेच जवळचा वाटतो. पण सोबतच्या 'शिटो' नावाच्या काळ्या तिखट चटणीत सुकी मासळी आणि कोळंबी असते. शाकाहारी माणसाने विचारून घेतलेलं बरं.

आता यातून धंद्याचे तीन धडे घ्या.

१. रोजचं गिऱ्हाईक शोधा

आता परत वारज्यात या. माळवाडीत, हायवेच्या आजूबाजूला, शेजारच्या कर्वेनगरात बाहेरगावहून आलेली किती मुलंमुली कॉट बेसिसवर राहतात! लातूरचा पोरगा, जळगावची मुलगी, बिहारचा कामगार. अक्रात तुमची जी अवस्था, तीच इथे त्यांची. कॅफेत ते महिन्यातून दोनदा जातील. मेसला मात्र दिवसातून दोनदा येतात. सव्वीस दिवस धरा, बावन्न जेवणं झाली. म्हणजे मेसचा एक मेंबर कॅफेच्या सव्वीस गिऱ्हाइकांइतक्या वेळा तुमच्या दारात येतो. सजावटीवर पैसे ओतण्याआधी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

२. मूळ ताट स्वस्त, वरच्या वस्तू वेगळ्या

वाचे विकणारी बाई काय करते? भात-चवळी ठरलेली. अंडं, शेवया, मासा हे ज्याला हवं त्याने वरून घ्यायचं, त्याचे पैसे वेगळे. तुम्हीही तसंच करा. समजा, ताट ८० रुपयांना आणि रोज ६० ताटं. निम्म्या लोकांनी अंडं किंवा दही असं १५ रुपयांचं काहीतरी जास्तीचं घेतलं, तर दिवसाला ४५० रुपये. सव्वीस दिवसांचे ११,७०० रुपये. हा गल्ला झाला बरं का, नफा नव्हे. पण भाडं तेच, गॅसही जवळपास तेवढाच.

३. 'यात काय आहे?' याचं उत्तर फळ्यावर लिहा

नवख्या माणसाला पैशापेक्षा भीती असते ती ताटात काय आलंय याची. वारज्यातही तसंच. आमटी गोड आहे का, रस्सा किती तिखट, व्हेज-नॉनव्हेजची भांडी वेगळी आहेत का? रोजचा मेनू स्पष्ट लिहा, गरज असेल तर हिंदीतही. विचारायला लाजणारं गिऱ्हाईक न विचारताच पुढे निघून जातं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं

समजा, तुम्ही आईच्या बांगड्या गहाण ठेवून मेस सुरू केली. जूनमध्ये मेंबर आले, ॲडव्हान्स हातात आला. पुष्कळजण इथेच फसतात. ॲडव्हान्स म्हणजे कमाई नव्हे, ते अजून न वाढलेलं जेवण आहे! परीक्षा संपल्या की पोरं गावी जातात आणि मेस ओस पडते. भाडं मात्र थांबत नाही. गाळ्याचं भाडं २०,००० असेल, तर दोन महिन्यांचे ४०,००० आधीच वेगळ्या खात्यात टाका. खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी लिहून द्या. नुसत्या विद्यार्थ्यांवर राहू नका, नोकरदार आणि कामगारही जोडा. एफएसएसएआयची नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर करता येते, ती टाळू नका.

आपल्याकडे हे नवीन नाही. गिरणगावात कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनीच जेवू घातलं. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या पाशातून सुटून बँकेचं कर्ज मिळावं, हा त्यामागचा मोठा हेतू. स्वयंपाक त्यांना येतच होता, अडचण भांडवलाची होती.

म्हणून या आठवड्यात एकच काम करा. संध्याकाळी सात ते नऊ तुमच्या चौकात उभे राहा. एकटं जेवायला निघालेली माणसं मोजा. त्यातल्या दहा जणांना विचारा, "गाव कुठलं? इथे जेवणाचं काय चुकतं?" ती दहा उत्तरं वहीत आली की मगच गाळा बघायला जा. आईच्या बांगड्या तोवर कपाटातच राहू द्या.