बंदिस्त घरातील शेगडी

ग्वाल्हेरच्या जुन्या घरांतून पौषात कोळशाची शेगडी पेटे, तेव्हा दारांच्या फटींतून वाऱ्याची ये-जा चालू असे. नवी घरे मात्र घट्ट मिटलेली. ऊब धरून ठेवण्याचा हा गुणच अग्नीच्या बाबतीत दोष ठरू शकतो. थंड देशांत घर बांधून लाकडाची शेगडी बसवू पाहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी हे ध्यानी घ्यावे.

पहिला विचार आकाराचा. जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९१ साली ऊब राखणारी ‘पॅसिव्ह हाउस’ पद्धतीची पहिली घरे उभी राहिली. अशा घराला ऐन हिवाळ्यातही दर चौरस मीटरला सुमारे १० वॅट उष्णता पुरते. म्हणजे १५० चौरस मीटरला दीड किलोवॅट. साधी शेगडी ५ ते ८ किलोवॅट देते. खोली असह्य तापते, म्हणून हवा कोंडून शेगडी धुमसत ठेवली, तर धुराड्यात काजळी साचते आणि एखादे दिवशी तीच पेट घेते. तेव्हा शेगडी लहानच घ्यावी व लाकूड चांगले वाळलेले असावे.

दुसरा विचार श्वासाचा. जळणाला लागणारी हवा नळीवाटे बाहेरून घेणारी, घट्ट दाराची शेगडीच निवडावी. एरवी स्वयंपाकघरातील पंखा धूर घरात उलटा ओढतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. त्याची सूचना देणारे यंत्र घरात हवेच.

आणि आपण इकडे? दारे लावून, उशाशी शेगडी ठेवून कधीही निजू नये. ऊब हवी, पण श्वास आधी.