गाडीला वळसा, सायकलीला सरळ वाट



गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गावातून रात्रंदिवस धावतात. ऊस वेळेत गव्हाणीत पडलाच पाहिजे, यात वाद नाही. पण त्याच रस्त्याने आपली पोरं सायकलवर शाळेला जातात, म्हातारी माणसं देवळात जातात. अशा वेळी काय करता येते, हे नेदरलँड्समधील हौटन या गावाकडून शिकण्यासारखे आहे.

त्या देशात १९७१ साली रस्त्यावरच्या अपघातांत ३ हजारांवर माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आईबाप चवताळून उठले, मोर्चे निघाले आणि सरकारला रस्त्यांचा विचार नव्याने करावा लागला.

हौटन हे उट्रेक्ट शहराजवळचे, त्या वेळी जेमतेम काही हजार वस्तीचे खेडे. गाव वाढवायचे ठरले तेव्हा १९६८ सालीच रॉब डर्क्स यांनी त्याचा आराखडा केला होता. युक्ती साधी. गावाभोवती मोटारींसाठी गोल रस्ता. एका आळीतून दुसऱ्या आळीत मोटारीने जायचे तर आधी बाहेरच्या रस्त्यावर यायचे, वळसा घालायचा, मग आत शिरायचे. सायकलवाल्याला मात्र गावाच्या मधून सरळ वाट. बहुतेक शाळा त्या वाटेलगतच. अपंग आणि वृद्ध मंडळींच्या विजेवर चालणाऱ्या लहान गाड्याही तिथून सावकाश जातात. काही गल्ल्यांत मोटार येते, पण पाहुण्यासारखी. सायकलीच्या मागे, सायकलीच्या चालीने.

आज हौटनची वस्ती सुमारे ५० हजार आहे. २००८ आणि २०१८ अशा दोन वेळा त्याला देशातील 'सायकल शहर' हा मान मिळाला. मोटारीवर बंदी घातली नाही. फक्त वळसा कुणी घालायचा, एवढेच ठरवले.

आपल्याकडे एवढा आराखडा लगेच होणार नाही, हे आम्हीही जाणतो. वळशाला डिझेल लागते, हेही खरे. पण जिथे गावाबाहेरून वाट आहे तिथे भरलेला ट्रॅक्टर बाहेरूनच न्यावा. शाळेची गल्ली सायकल, टायरगाडी आणि पायी चालणाऱ्यांना राखावी. हंगामाआधी ग्रामसभेत बसून हे ठरवायला पैसा लागत नाही.

ऊस आपला, ट्रॅक्टर आपले आणि सायकलवरची पोरंही आपलीच.