कोकराच्या खुराकावर ठरते यकृताची अन् आतड्यांची वाढ

बार्शीटाकळी (प्रतिनिधी) : सोयाबीन निघाले, कापसाचा शेवटचा वेचा झाला, की वऱ्हाडातील शेतांमध्ये मेंढ्यांचे कळप बसू लागतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाच्या जनावरांना पऱ्हाटीचा पाला, कुटार व बांधावरच्या बाभळीच्या शेंगा मिळतात. बार्शीटाकळी तालुका त्याला अपवाद नाही. उन्हाळ्यात मात्र पारा ४५ अंशांकडे सरकतो, चराई आटते आणि वाढीच्या वयातील कोकरांची उपासमार सुरू होते. ही उपासमार बाहेरून फक्त खपाटीला गेलेल्या पोटावरून दिसते. शरीराच्या आत तिचे परिणाम फार खोलवर होत असतात.

आहारातून मिळणारी ऊर्जा शरीराच्या सर्व अवयवांत सारखी वाटली जात नाही. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉन हॅमंड यांनी १९३२ मध्ये मेंढीच्या वाढीवरील आपल्या ग्रंथात हा क्रम मांडला. मेंदू व मज्जासंस्थेची गरज आधी भागते, त्यानंतर हाडे, मग स्नायू आणि सर्वांत शेवटी चरबी. त्यामुळे खुराक कमी पडला तरी मेंदूच्या वजनात फारसा फरक पडत नाही. हृदय व फुप्फुसेही बऱ्याच अंशी टिकून राहतात. मोठा फटका बसतो तो यकृताला आणि पचनमार्गाला.

पोटाची जडणघडण

मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात. नवजात कोकरात चौथे, म्हणजे खरे पोट सर्वांत मोठे असते. कारण दूध पहिले कप्पे टाळून थेट तेथे पोहोचते. कोटीपोट त्या वेळी लहान व निष्क्रिय असते. कोकरू चारा-दाणा खाऊ लागले, की कोटीपोटातील सूक्ष्मजीव तो आंबवतात आणि त्यातून मेदाम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्लामुळे कोटीपोटाच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे बारीक अंकुर फुटतात. याच अंकुरांतून ऊर्जा रक्तात शोषली जाते.

येथे चारा आणि दाणा यांची कामे निराळी आहेत. चाऱ्याने कोटीपोटाचे आकारमान आणि त्याचे स्नायू वाढतात; दाण्यातील ऊर्जेने अंकुर वाढतात. केवळ कुटारावर वाढलेल्या कोकराचे पोट मोठे दिसते, परंतु आतील शोषणाची क्षमता तोकडी राहते. योग्य आहार मिळाल्यास आठ-नऊ आठवड्यांत पोटाच्या कप्प्यांचे परस्पर प्रमाण प्रौढ मेंढीसारखे होते. म्हणूनच दूध पिणाऱ्या कोकरांनाही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडलेला दाणा व कोवळा पाला चाखायला द्यावा, असे सांगितले जाते.

सर्वांत ‘खर्चिक’ अवयव

यकृत आणि पचनमार्ग यांचे वजन मेंढीच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी ४० ते ५० टक्के मात्र हेच अवयव खर्च करतात. खुराक वाढला, की पचनाचे काम वाढते आणि हे अवयवही वाढतात. खुराक घटला, की ते आक्रसतात. अमेरिकेतील नेब्रास्का येथील फेरेल आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही बाब ठळक झाली. सारख्याच वजनाच्या कोकरांचा आधीचा आहार वेगळा असेल, तर त्यांच्या यकृताचे वजन आणि केवळ जगण्यासाठी लागणारी ऊर्जाही वेगळी असते. अवयवांतील असा बदल दिसण्यास तीन आठवडेही पुरेसे ठरतात, असे पुढील प्रयोगांत आढळले.

पावसाळ्यात हिरवे गवत मिळताच उन्हाळ्यात खंगलेली कोकरे झपाट्याने का भरतात, याचे एक उत्तर येथे सापडते. आक्रसलेल्या अवयवांचा चालू खर्च कमी असतो. त्यामुळे मिळालेल्या ऊर्जेचा मोठा वाटा वाढीकडे वळतो. या भरपाईच्या वाढीला मर्यादा आहे. गर्भावस्थेत किंवा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तीव्र उपासमार झाली, तर तूट पुरती भरून निघत नाही. गर्भाची बहुतांश वाढ गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत होते. लोकर देणारे त्वचेतील अनेक पुटकही तेव्हाच तयार होत असतात. नर कोकरांत वृषणांची वाढ आणि वयात येणेही ऊर्जेवर अवलंबून असल्याने, पैदाशीसाठी राखलेल्या नराची आबाळ पुढे संपूर्ण कळपाला भोवते.

अतिरेकही घातक

उपाशी कोकराला एकदम भरपूर दाणा घालणे, हा यावरचा उपाय नव्हे. त्याच्या कोटीपोटातील अंकुर खुरटलेले असतात आणि सूक्ष्मजीवांना पिष्टमय पदार्थांची सवय नसते. अशा वेळी लॅक्टिक आम्ल साचून जनावर दगावू शकते. भरपूर दाणा किंवा कोवळे लुसलुशीत गवत मिळाल्यावर आंत्रविषाराचा धोकाही वाढतो आणि त्यात बहुधा कळपातील धष्टपुष्ट कोकरेच बळी पडतात. यासाठी पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घेणे आणि दाण्याचे प्रमाण दहा ते पंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवणे आवश्यक असते. मक्यासारख्या दाण्यातून ऊर्जा मिळते. प्रथिनांसाठी सरकी ढेप किंवा तुरीची चुनी यांची जोड द्यावी लागते.

बाजारात कोकराची किंमत बहुधा अंदाजाने अथवा जिवंत वजनावर ठरते. त्या वजनात पोटातील चारा-पाणीही मोजले जाते. प्रत्यक्षात सोललेल्या धडाचे वजन जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आतबाहेर भरते. त्यामुळे विक्रीपूर्वी आठ दिवस पोट भरण्यापेक्षा जन्मापासूनच्या पहिल्या तीन महिन्यांत केलेला खर्च अधिक लाभदायी ठरतो.

भूमिहीन मेंढपाळाला हा खर्च कसा परवडणार, हा खरा प्रश्न आहे. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘महामेष’ योजनेत मेंढीगटांच्या वाटपाबरोबर संतुलित खाद्यासाठी अनुदानाचीही तरतूद करण्यात आली. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, अमरावतीजवळ पोहरा येथे मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. हे ज्ञान व ही मदत उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, कळप शेतात बसलेला असतानाच तेथपर्यंत पोहोचली, तर वऱ्हाडातील अनेक कोकरांची वाढ खुंटण्यापासून वाचू शकेल.