एकतीस बुडबुडे

मी मराठीचा प्राध्यापक. ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दाची फोड विचाराल तर चटकन करून देईन; त्या शब्दाच्या पोटात काय चालते, ते मात्र मला गेल्या श्रावणात माझ्या मुलीने शिकवले, तेही सांगलीच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर.

निमित्त तिच्या प्रयोगवहीचे. साताऱ्याला तिच्या आजोळी परसात जुना हौद आहे. त्यात हायड्रिला वाढते. घरची माणसे तिला सरसकट शेवाळ म्हणून मोकळी होतात. फणसाच्या सावलीकडची हायड्रिला लांबुडकी नि विरळ, उन्हाकडची आखूड नि दाट. सावलीतली बिचारी उजेडाच्या शोधात नुसती उंच होत असते! उन्हाकडच्या चार काड्या बरणीतून सांगलीला आल्या.

काडी पाण्यात उलटी बुडवायची, खिडक्या लावून दिवा पेटवायचा आणि कापल्या टोकातून मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजायचे. हा बुडबुडा म्हणजे बराचसा प्राणवायू. तो उजेडात निघतो, अंधारात नाही, हे इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ सालीच दाखवले होते. आपल्या जगदीशचंद्र बोसांनीही याच हायड्रिलावर प्रयोग केले.

दिवा दोन हातांवर होता तेव्हा बुडबुडे ६. एका हातावर आणला, म्हणजे उजेड चौपट, बुडबुडे २२. अर्ध्या हातावर आणखी चौपट. मी मनाशी ८८ धरून बसलो होतो. निघाले ३१! पुन्हा मोजले. पुन्हा ३१.

“अगं, चुकलं असेल काहीतरी. ८० लिही, म्हणजे आलेख सरळ येईल,” मी म्हणालो. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणारा माणूस हे बोलला!

“बाबा, मग मोजायचं तरी कशाला?”

मी चहाचे निमित्त काढून उठलो.

संध्याकाळी शेजारचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आले. आकडा पाहून ते खूष झाले. उजेडाबरोबर पाण्यात विरघळलेला कार्बन वायूही लागतो. तो अपुरा पडला की दिवा कितीही जवळ आणा, काम पुढे सरकत नाही. जी वस्तू कमी, ती वेग ठरवते, हा नियम ब्लॅकमनने १९०५ साली मांडला.

“यात नवल ते काय? तांदूळ मूठभर असतील तर जाळ वाढवून भात वाढतो का?” सौभाग्यवती म्हणाल्या आणि प्राध्यापकांच्या सांगण्यावरून त्यांनीच पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. ३१ चे ५० झाले!

मग कन्येला हुरूप आला. घाटावरून कृष्णेचे तांबडे पाणी आणून तो काचेचा पेला तिने एका हातावरच्या दिव्यापुढे धरला. बुडबुडे ४. पावसाळ्यात नदीच्या तळाशी काय अवस्था होत असेल! भर उन्हाच्या शंभराव्या हिश्श्यावरही हायड्रिला तग धरते, म्हणून बरे. कासच्या पठारावरची कुमुदिनी अधिक धोरणी. ती पाने थेट पाण्यावरच पसरते, उजेडही घेते आणि हवेतला कार्बन वायूही. पण अशीच पसरणारी जलपर्णी नदीवर दाट माजली, की खाली अंधार. तिथल्या वनस्पतींचे प्राणवायू करणे थांबते, श्वास घेणे थांबत नाही, आणि मासे तडफडतात.

वहीत ३१ हाच आकडा गेला. त्याच्यापुढे बारीक अक्षरात एक टीप आहे : ‘बाबांच्या मते ८०.’