भिंती कोऱ्या, पण चित्र मध्यरात्रीचं

जालन्याजवळचं बेथेल गाव वसवलं नारायण शेषाद्री यांनी. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेल्या शेषाद्रींनी स्कॉटिश फ्री चर्चचं काम निजामाच्या मुलखात आणलं. या प्रॉटेस्टंट परंपरेत पूजेसाठी मूर्ती नाही, तसबीर नाही. भर वचन, उपदेश आणि गायनावर. मग चित्रकाराच्या श्रद्धेने जायचं कुठे?

याचं फार सुंदर उत्तर एका मराठी चित्रकाराकडे आहे: विनायक शिवराम मासोजी (१८९७-१९७७). कोल्हापुरात याच परंपरेतल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालू होतं. मासोजी तिथल्याच ख्रिस्ती समाजातले. ते शांतिनिकेतनला गेले, चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले.

त्यांचं ‘मिडनाइट अरेस्ट’ जरूर पाहा. विषय गांधीजींच्या अटकेचा. ४ मे १९३० ची मध्यरात्र उलटून गेलेली, दांडीजवळचं कराडी गाव. हत्यारबंद पोलीस झोपडीशी आले, झोपलेल्या गांधीजींच्या तोंडावर बॅटरीचा झोत पडला. त्यांनी दात घासायला वेळ मागून घेतला, आणि आश्रमातले गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी भजन म्हटलं.

बायबल वाचणाऱ्याला इथे येशूला अटक झाली ती गेथशेमाने बाग आठवतेच: रात्र, मशाली, शस्त्रं घेऊन आलेली माणसं आणि प्रतिकार न करणारा एकजण. चर्चच्या भिंतीसाठी नसलेलं हे चित्र भक्तिचित्रच मानायला हवं, अगदी ठामपणे. मासोजींनी येशूच्या जीवनावरही चित्रं काढली. महाराष्ट्रात मात्र त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.