दवाखान्यामागचं घर

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला, तेव्हा इथल्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर हैदराबाद नाहीतर पुणे-मुंबई गाठावी लागे. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये आलं, नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला तर २००२ मध्ये. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेले डॉक्टर बाहेर शिकून इथे आले ते याच मधल्या काळात. त्यांच्या कामाचा हिशेब मांडताना त्यांच्या घरांचाही मांडला पाहिजे.

खाली दवाखाना, वर घर, ही त्या काळची सर्वसाधारण मांडणी. नांदेडला देगलूर, बिलोली, किनवटकडून तेलुगू बोलणारे रुग्ण येत. लातूरला उदगीर-निलंग्याकडून कन्नड कानी पडे. शेवटच्या एसटीने आलेल्या माणसाला रात्री परत जायला गाडी नसे. मग रुग्णाबरोबर आलेल्यांच्या चहा-भाकरीची, निजण्याची सोय घरातल्या बाईकडे येई. ती स्वतः डॉक्टर असली तर दिवसा बाळंतपणं, रात्री अडलेली बाई आणि मधल्या वेळात मुलांचा अभ्यास. पाटीवर नाव बहुधा नवऱ्याचं आधी असे. श्रम मात्र दोघांचे होते. मुलांच्या वाढदिवशी, सणावारी वडील ताटावरून उठून खाली जात, यात कुणाला नवल वाटत नसे.

या पिढीतले काहीजण दवाखान्याच्या भिंतीबाहेरही गेले. नांदेडचे शल्यचिकित्सक डॉ. व्यंकटेश काब्दे १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे मराठवाड्याच्या विकासाच्या चळवळीत राहिले. पुण्यात शिकलेले डॉ. अशोक कुकडे पत्नी डॉ. ज्योत्स्ना कुकडे यांच्यासह लातूरला आले. डॉ. अलूरकर, डॉ. भराडिया यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन १९६६ मध्ये त्यांनी विवेकानंद रुग्णालय उभं केलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा व्हायला १९८२ उजाडावं लागलं. स्वतःच्या नावाचा दवाखाना न थाटता त्यांनी विश्वस्त संस्था उभारली. २०१९ मध्ये डॉ. कुकडे यांना पद्मभूषण मिळालं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला आणि जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्या दिवसांत साऱ्या जिल्ह्यातल्या लहानमोठ्या दवाखान्यांनी जखमींना हात दिला. संकट एवढं मोठं असतं तेव्हा जवळ कुणीतरी कायमचं राहतंय, याचं मोल कळतं.

नंतर व्यवसायाचं रूप पालटलं. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आली. कागदपत्रं, विमा, महागडी यंत्रं आली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेडही होतं. गरिबाच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यामुळे सुसह्य झाला, पण एकट्या डॉक्टरचा छोटा दवाखाना या नव्या व्यवस्थेत मागे पडत गेला. मुलं शिकली, पुण्या-मुंबईला किंवा परदेशात स्थिरावली. आईवडिलांची रात्रीची झोप मोडलेली ज्यांनी पाहिली, त्यांनी तोच संसार नको म्हटलं, तर त्यांना दोष कसा द्यावा?

म्हणून डॉक्टर थांबतात तेव्हा बहुतेक ठिकाणी दवाखानाही थांबतो. कोणत्या घराण्यात मधुमेह आहे, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, कोण घरी खोटं सांगतं, ही सारी माहिती एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर ती निवृत्त होते. ताण मग शासकीय रुग्णालयांवर येतो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात बालकं होती. वेळीच पोचता येईल असा भरवशाचा डॉक्टर गावाजवळ असणं किती मोलाचं, हे अशा वेळी उमगतं.

लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांतून दरवर्षी कितीतरी मुलं डॉक्टर व्हायला बाहेर पडतात. त्यांनी परत यावं, असं नुसतं म्हणून भागणार नाही. पहिल्या पिढीने जे घराच्या जिवावर पेललं, ते पुढच्यांना संस्थेच्या जिवावर पेलता आलं पाहिजे: पाच-सहा डॉक्टरांनी एकत्र यावं, रात्रपाळी वाटून घ्यावी, रुग्णांच्या नोंदी संस्थेकडे राहाव्यात, स्त्री डॉक्टरचं नाव आणि मोबदला बरोबरीचा असावा. विवेकानंद रुग्णालयाने लातुरात ही वाट साठ वर्षांपूर्वीच दाखवली. तिच्यावरून चालणारे वाढले, तर निवृत्त होणाऱ्या डॉक्टरला आपल्या रुग्णांचं कसं होईल, ही चिंता घेऊन घरी जावं लागणार नाही.